सख्खी बहीण, कौन्सिलपुरती

मेडनहेड, २२ जून २०२५

आत्या,

वाकून नमस्कार. मी फोनवर ओरडतो म्हणून तू माझे फोन घेणं बंद केलंस आणि "बोलायचं असेल तर पत्र टाक" असा निरोप पाठवलास. घे, टाकलं. कागदावरही मला ओरडता येतं, पण निदान तुझा बीपी वाढणार नाही.

बाबा अजून बोलत नाहीत. मीही बोलत नाही. डॉक्टरांच्या मुलाने दुसऱ्या वर्षातच युनिव्हर्सिटी सोडली म्हणजे जणू त्यांच्या हॉस्पिटलात साथ पसरली. मी ब्रॅकनेलच्या गोदामात पार्सलं लावतो, माझं भाडं मी भरतो आणि तुझ्या मानलेल्या भावाच्या, मुरलीधरकाकांच्या घरात राहतो. तू शब्द टाकलास म्हणून खोली मिळाली, हे काका दर रविवारी ऐकवून जातात. स्वतः ते पलीकडच्या गल्लीत मोठ्या घरात राहतात.

इथे आम्ही पाच भाडेकरू. हरीश आणि समर, पुण्याचे सख्खे भाऊ, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, एका खोलीत. खाली पुढच्या खोलीत मिहीर. तो बँकेत आहे आणि भांडी घासत नाही. मधल्या मजल्यावर मी. आणि माझ्या डोक्यावर, छपराखालच्या खोलीत, अन्वी.

आता नीट बस, आत्या.

ती नागपूरची. तिकडची डॉक्टर, पण इथे डॉक्टर म्हणून उभं राहायचं तर इथली परीक्षा द्यावी लागते. पहिली झाली, दुसरी सप्टेंबरात. व्हिसा जानेवारीत संपतो, म्हणजे जे काय ते एकदाच. त्या परीक्षेत खोटे पेशंट बसवलेले असतात आणि त्यांच्याशी तुम्ही कसं बोलता ते तपासतात. सरावाला पेशंट हवा, तो मी. रोज संध्याकाळी किचनमध्ये मी छातीत दुखतंय म्हणून बसतो. ती खुर्ची ओढते, जरा वाकते आणि इतक्या हळू विचारते, "तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटतेय?" असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. आईनेसुद्धा नाही. काल मी माझं वाक्यच विसरलो. ती म्हणाली, "अबे, काय करून राहिला? तुला हार्ट अटॅक आलाय, हसू नको ना!"

तिच्या डोळ्यांत सरावाच्या पलीकडचं काहीतरी आहे. मी वेडा नाही. आडनावसुद्धा आमचं एकच, देशमुख. लग्नानंतर पासपोर्ट बदलायची भानगड नाही.

नकुल


बर्मिंगहॅम, १ जुलै २०२५

नकुलराजा,

अक्षर बापासारखंच गिचमिड, पण मराठी चांगलं आहे. अमरावतीच्या शाळेत सातवीपर्यंत जी वर्षं काढलीस ती वाया गेली नाहीत.

मी सगळी नोकरी वॉर्डात काढली. "काळजी कशाची वाटतेय" हे त्याच हळू आवाजात किती जणांना विचारलं असेल, देव जाणे. त्यातल्या एकाशीही लग्न केलं नाही. तरी तुझं वेगळं असू शकेल. तरुण माणसाला लगेच नाही म्हणू नये, आपण म्हातारे दिसतो.

दुसरं एक सांग. छपराखालच्या खोलीतला जिना कुठे उतरतो? धुराचा अलार्म आहे का? मुरलीधरला घरात खोल्या काढायची हौस फार. भाजलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून विचारते. बघून कळव.

बाबाला मी समजावत नाहीये, तूही मला तसं सुचवू नकोस.

आत्या


मेडनहेड, २० जुलै २०२५

आत्या,

अलार्म नाही. जिना सरळ किचनमध्ये उतरतो, शेगडीच्या बाजूला. पण ते सोड, इथे भलतंच सुरू झालंय.

आमचे कचऱ्याचे डबे ओसंडून वाहतात म्हणून शेजारच्या बाईने कौन्सिलकडे, आपल्या भाषेत नगरपालिकेकडे, तक्रार केली. कौन्सिलने काकांना विचारलं, घरात राहतं कोण आणि ते एकमेकांचे कोण लागतात? नियम असा आहे की नात्यागोत्याचे नसलेले पाच जण एक किचन, एक बाथरूम वापरत राहत असले, तर घरमालकाला लायसन्स लागतं. काकांकडे ते नाही. लायसन्स म्हणजे आगीला तोंड देणारी दारं, अलार्म, खोल्यांची मापं. पण सगळे एकाच कुटुंबातले असले तर यातलं काही लागत नाही. काकांनी त्यातलं हे शेवटचं वाक्य तेवढं वाचलं.

आज सकाळी आसावरीकाकूंना घेऊन आले, बरोबर शिरा. शिरा आला तेव्हाच मी ओळखलं.

"हरीश-समर सख्खे आहेतच," काका म्हणाले. "मिहीर त्यांचा चुलतभाऊ. नकुल मावसभाऊ."

"काका, मी सारस्वत आहे," मिहीर म्हणाला.

"कौन्सिलला ते कळतं का रे? शिरा खा."

"आणि अन्वी?" मी विचारलं.

"तुझी सख्खी बहीण. दोघंही देशमुख. देवानेच सोय करून ठेवलीय."

"मी असलं काही म्हणणार नाही."

"तुला म्हणायला सांगतंय कोण? गप्प बसायचंय. कॉलेजात बसवलं नाही, निदान इथे बस."

सगळे हसले. मी उठणार होतो, पण अन्वी समोर होती. मग काकू म्हणाल्या, नऊ ऑगस्टला राखीपौर्णिमा आहेच, अन्वी सगळ्यांना राख्या बांधेल, मग बारा तारखेला कौन्सिलची बाई घर बघायला येईल तिला त्या हातावर दिसतील, तोंडाने खोटं बोलायलाच नको. आणि अन्वी म्हणाली, "चालेल, काकू."

नंतर मी तिला जिन्यात गाठलं. "तुला चालतं हे?"

"मला परीक्षेपर्यंत छप्पर पाहिजे, नकुल. एवढ्या भाड्यात या गावात दुसरी खोली नाही. भाऊ म्हण, काका म्हण, काय म्हणायचं ते म्हण."

ती घाबरून बोलतेय, आत्या. मनातून तिला हे नकोय, मला दिसतं. मी काय करू? लवकर लिही. तो तुझा मुरलीधर आहे, नाहीतर मी आजच त्याच्या शिऱ्यात पाणी ओतलं असतं.

नकुल


बर्मिंगहॅम, २८ जुलै २०२५

नकुल,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस घरात नुसती फिरत होते.

मी या देशात आले तेव्हा मुरलीधर आणि मी एकाच विमानात होतो. ओळख तिथलीच. तो इंजिनियरिंगच्या कारखान्यात लागला, मी हॉस्पिटलात. हँड्सवर्थला एका घरात दोन खोल्या रिकाम्या होत्या, पण घरमालकीण कडक. लग्न न झालेले बाई-पुरुष एका जिन्याने वर जाणार म्हटल्यावर ती दार लावायला निघाली. तेवढ्यात मुरलीधर म्हणाला, "ही माझी बहीण." मला हसू आलं. रस्त्याच्या कोपऱ्यावर जाऊन आम्ही दोघं पोट धरून हसलो. खोल्या मिळाल्या.

त्या हिवाळ्यात जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून आम्ही पुष्कळ बोललो. काय बोललो ते मी तुला सांगणार नाही.

मग महाराष्ट्र मंडळाची माणसं घरी येऊ लागली. घरमालकिणीने त्यांना सांगितलंच होतं. दिवाळीत कुणीतरी म्हणालं, सुहासिनी, भावाला ओवाळलंस की नाही? सगळे बसले होते. मी पाट मांडला. त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं. त्याने तबकात पाच पौंडांची नोट टाकली आणि वर बघितलं नाही.

पुढे बोलण्यासारखं काही राहिलं नाही. आपल्या माणसांत भाऊ म्हटलं की भाऊ. ते परत घेता येत नाही. आसावरी आली, मी तिची नणंद झाले. दर भाऊबीजेला मी मेडनहेडला येते ती कशासाठी, हे तिला ठाऊक नाही. त्याला असेल.

राखी बांधून घेऊ नकोस. जे आहे ते तोंडाने सांग आणि वेळेवर सांग. मी ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या दिवशी गप्प बसले. तू बसू नकोस.

आत्या


मेडनहेड, १३ ऑगस्ट २०२५

आत्या,

बोललो.

राखीपौर्णिमेला मी मुद्दाम ओव्हरटाइम घेऊन गोदामात राहिलो. परत आलो तर हरीश, समर, मिहीर तिघांच्या हातांवर लाल गोंडे. काल मंगळवारी सकाळी अन्वीने माझं दार वाजवलं. "हात दे."

मी दोन्ही हात खिशात घातले.

"अरे बांधू दे ना बे. एका मिनिटाचं काम आहे. बाई येऊन राहिली."

"दुसऱ्या कशासाठी हात मागितलास तर देईन."

तिने माझ्याकडे पाहिलं. राखी मुठीत धरून खाली गेली.

कौन्सिलची बाई आली ती आपल्यातलीच निघाली! आईवडील गुजरातचे, ती लेस्टरची. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिने घर पाहिलं, टिपून घेतलं, मग आम्हाला किचनमध्ये बसवलं आणि काकांनी सगळं नातं सांगितलं. तिची नजर हातांवरून फिरली. एक, दोन, तीन आणि माझा मोकळा.

"म्हणजे चुलत-मावस सगळ्यांना राखी," ती इंग्रजीत म्हणाली, "आणि सख्ख्या भावालाच नाही?"

अन्वी म्हणाली, "आमचं भांडण झालंय." काय सहज म्हणाली! ती बाई हसलीसुद्धा. म्हणाली, माझंही माझ्या भावाशी दर वर्षी होतं. तिने पेन उचललं. ती आता "कुटुंब" लिहिणार हे मला दिसत होतं, आत्या, आणि मला तुझा तो पाट दिसला, ती पाच पौंडांची नोट दिसली.

मी उभा राहिलो. म्हणालो, ही माझी बहीण नाही. इथे कुणी कुणाचं काही लागत नाही. माझं हिच्यावर प्रेम आहे.

मिहीर हळूच म्हणाला, "अरे देवा, आज?"

बाईने पेन खाली ठेवलं. मग ती पुन्हा वर गेली, छपराखालच्या खोलीत, आणि या वेळी तिथे बराच वेळ होती. खाली आली आणि म्हणाली, किचनमध्ये आग लागली तर या खोलीतलं माणूस बाहेर येऊ शकत नाही. आज रात्रीपासून इथे कुणी झोपायचं नाही. तसा हुकूम दारावर चिकटवला. माझ्या मजल्यावर कपाटाएवढी एक खोली आहे, काकांनी ती दाखवली, तर ती मापाच्या खाली. मी म्हटलं, अन्वीने माझी खोली घ्यावी, मी कुठेही झोपेन. अन्वीने ऐकलंच नाही. बॅग भरत होती. मी बॅग उचलायला गेलो तर म्हणाली, "हात नको लावू."

संध्याकाळी मैत्रिणीची गाडी आली.

पण मी खरं बोललो, आत्या. तू सांगितलंस तसंच. तिचा राग उतरेल ना? तुला बायकांचं कळतं. लिही.

नकुल


ब्रॅकनेल, २५ ऑगस्ट २०२५

नकुल,

तुझे मेसेज मी वाचत नाही. हा कागद हरीशच्या हाती देते आहे आणि याचं उत्तर नको.

तू सगळ्यांना सांगून राहिलास की तू खरं बोलला. खरंच बोलला. ती खोली धोक्याचीच होती, त्या बाईचं काही चुकलं नाही. मला माहीत होतं. झोपायच्या आधी मी रोज खिडकी उघडून बघत होती, उडी मारली तर काय मोडेल. तुलाही माहीत होतं. तू त्याच किचनमध्ये, त्याच जिन्याखाली बसून छातीत दुखल्याचं नाटक करायचास. आगीबद्दल कधी एक शब्द बोलला नाहीस. मी तुझी बहीण होणार म्हटल्यावर तुझं खरं बाहेर आलं.

तू आधी बोलला असतास तर जूनमध्ये मी दुसरी खोली शोधली असती. परीक्षेला तीन महिने होते. आता तीन आठवडे आहेत. मी मैत्रिणीच्या सोफ्यावर आहे, तिचं बाळ दात येऊन रडते आहे आणि तिचा नवरा रोज विचारतो, काही मिळालं का.

मी त्या आवाजात सगळ्यांशी बोलते. ती परीक्षा आहे, नकुल. तो आवाज शिकावा लागतो.

आणि एक. मला भाऊ नाही. हरीशला राखी बांधली ते नाटक होतं, मिहीरला बांधली तेही. तुझ्यासाठीची मी काकूंच्या पुड्यातली नव्हती घेतली. साउथॉलच्या देशी बाजारात जाऊन आणली होती.

अन्वी


मेडनहेड, २७ ऑगस्ट २०२५

आत्या,

तिचं पत्र सोबत पाठवतोय. माझ्याच्याने पुन्हा वाचवत नाही.

तुझ्या घरात मागची खोली आहे. तिला घे. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. हरीशकडे तिचा नंबर आहे. मी भाडं देईन, जादा पाळ्या करेन, तिला कळणार नाही.

नकुल


बर्मिंगहॅम, ७ सप्टेंबर २०२५

नकुल,

ती आली. मी स्वतः ब्रॅकनेलला जाऊन तिला घेऊन आले. तुझं नाव मी सांगितलं. आधीच पुष्कळ लपवून झालंय. ती गाडीत बसायला तयार नव्हती, मग मी म्हटलं, बाई, मी त्याची आत्या आहे हे खरं, पण माझी खोली माझी आहे. बराच वेळ रस्त्यावर उभी राहिली. मग बसली.

तुझे पैसे नकोत. मी स्वतः या घरात राहते, एकच पाहुणी ठेवली तर मला लायसन्स लागत नाही, तरी फोन करून खात्री करून घेतली. जिन्यावर नवा अलार्म लावला.

संध्याकाळी मी पेशंट होते. परवा मला पोटात दुखत होतं. तिने तसंच हळू विचारलं, काळजी कशाची वाटतेय? आणि मी, एवढी वर्षं वॉर्डात काढलेली बाई, खरंच उत्तर द्यायला निघाले होते. तेव्हा तुझ्यावरचा माझा राग थोडा कमी झाला.

चूक तू केलीस, पण सल्ला माझा होता. तुझं पत्र वाचताना मला हँड्सवर्थचा जिना दिसत होता, त्या मुलीचा जिना दिसला नाही. अलार्म नाही असं तू पहिल्याच ओळीत लिहिलं होतंस. मी ते वाचलं आणि माझीच कहाणी सांगत बसले. ते पत्र मी तुला लिहिलंच नव्हतं बहुतेक. "आधी तिला विचार" एवढी एक ओळ त्यात लिहायची राहिली.

आता ऐक. तू इथे यायचं नाहीस. परीक्षा होईपर्यंत नाही, झाल्यावरही नाही. तिला रात्री दाराला आतून कडी लावताना मी पाहिलं. माझ्या घरात, नकुल. ती कुणाला घाबरून लावते ते मी विचारलं नाही.

आत्या


मेडनहेड, २ जानेवारी २०२६

आत्या,

आलो नाही. तू मोजत असशील तर मोज, एकदाही आलो नाही.

काकांनी अखेर लायसन्सचा अर्ज केला. किचनला जड दार बसलंय, आपोआप मिटतं. प्रत्येक मजल्यावर अलार्म. मिहीरने पापड भाजले की सगळं घर कोकलतं आणि आम्ही चौघे रस्त्यावर उभे राहतो, पायजम्यात. शेजारची बाई खिडकीतून बघते. वरच्या जिन्याला काकांनी फळी ठोकून टाकलीय. मला ते खोली सोडायची नोटीस देणार होते, काकूंनी थांबवलं म्हणे. माझ्याशी बोलत नाहीत. भाऊबीजेला तू आली नाहीस तेव्हा दुपारभर दाराशी खुर्ची टाकून बसले होते, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

हरीशकडून कळलं की ती नापास झाली. थोडक्यात गेली, असं तो म्हणाला. खरं का? त्या आवाजात नाही ना गेली? ज्याच्यात मी पेशंट व्हायचो त्याच्यात?

व्हिसा या महिन्यात संपतो. तिचं विमान कधी आहे ते सांग. हीथ्रो इथून किती जवळ आहे. मी पुढे जाणार नाही, खांबामागे उभा राहीन, बॅगा ढकलताना एकदा बघेन आणि परत येईन. नाहीतर एवढंच सांगेन की मला माफ कर. एवढं तरी मला करू दे. नाही सांगितलंस तर मी रोज जाऊन उभा राहीन, तुला माहीत आहे मी राहीन.

तिने मला माफ केलंय का?

नकुल


बर्मिंगहॅम, १३ जानेवारी २०२६

नकुल,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तर मुद्दाम लांबवलं. आता लिहितेय तेही सेकंड क्लासचं तिकीट लावून टाकणार आहे, म्हणजे तुझ्या हातात पडेपर्यंत ती नागपूरला पोचलेली असेल. हीथ्रोहून नाही, इथूनच, दुबईमार्गे. रोज जाऊन उभा राहिला असशील तर थंडीत उभा राहिलास, दुसरं काही झालं नाही.

थोडक्यात गेली हे खरं. कशात गेली ते मला माहीत आहे, पण तुला सांगणार नाही. त्याचा तू एक तर फास करून घेशील नाही तर सुटका, आणि तिचं नापास होणं तिचं आहे.

तिथे तिच्या जुन्या हॉस्पिटलात जागा आहे म्हणाली. पुन्हा इकडे यायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून, आणि वडील आता पैसे घालणार नाहीत. बॅग भरताना तिने पुस्तकं माझ्याकडे ठेवली. मी म्हटलं, घेऊन जा, लागतील. ती म्हणाली, "वजन होईल, आत्या." मला आत्या म्हणत होती ती. तुझ्यामुळे नाही. दुसरं काय म्हणणार?

तू विचारलंस, तिने माफ केलं का. चार महिने एका टेबलावर जेवलो, विचारायला वेळ पुष्कळ होता. मी विचारलं नाही. आणि तिच्या वतीने हो किंवा नाही हे मी लिहिणार नाही. तिला न विचारता एकदा लिहून झालंय.

आत्या